मॅचच्या दिवशीचा दहीभात

जुईनगर
सोमवार, १० नोव्हेंबर

नमिता,

तू फोन उचलत नाहीस, व्हॉट्सॲपवर मला ब्लॉक केलंस, म्हणून हा कागद. तुझा भाऊ रोज द्रोणागिरीहून महापेला कामाला येतो आणि त्याची कंपनी माझ्या कंपनीच्या मागच्या गल्लीत आहे, हे माहेरी जाताना तुझ्या लक्षात आलं नसेल. कुंदन आधी हसला. "भावोजी, तुमी काय शालेत हाव का? चिठ्ठ्या कसल्या लिवताव?" मी म्हटलं, तू पोचवायचं काम कर. मग वडापाव खाऊन तयार झाला.

आधी भांडणाचं बोलू. जिल्हा स्पर्धेच्या सकाळी मी तुझ्या हातातला कॉफीचा कप घेतला आणि सगळ्या क्लबसमोर बेसिनमध्ये ओतला. ओतला, नाही म्हणत नाही. पण ती कॉफी कुणाची होती? रोहनची. त्याच्या त्या स्टीलच्या थर्मासमधली. सहा वर्षं मॅचच्या दिवशी तू फक्त माझ्या हातचं खाल्लंस. मऊ दहीभात, चिमूटभर मीठ, वर अर्धा कप आल्याचा चहा. क्लबमध्ये मला आचारी म्हणतात, म्हणू देत. नेमबाजाच्या पोटात काय आहे त्यावर त्याचा हात किती स्थिर राहणार ते ठरतं, आणि तुझं पोट मॅचच्या दिवशी किती नाजूक असतं हे माझ्याइतकं कुणाला माहीत आहे? निम्मा भात तू टाकतेस, कधीकधी खाल्लेलंही उलटून पडतं. म्हणून तर मी समोर बसतो आणि शेवटचा घास गिळेपर्यंत उठत नाही. त्या दिवशी मी डबा उघडून तुला शोधत फिरतोय, आणि तू त्या पोराबरोबर उभी राहून कॉफी पितेयस.

माझा जीव जळला. एवढंच झालं.

पोरगा तरी केवढा, बावीस वर्षांचा. तुला ताई म्हणतो आणि मला काका. बायको ताई आणि नवरा काका, हे नातं कुठल्या गावात लागतं ते त्याला एकदा विचारायचं आहे.

वर तू त्या दिवशी सहाशेपैकी पाचशे एकसष्ट गुण मारलेस, आजवरचे तुझे सगळ्यात जास्त. मी पाचशे एकोणपन्नास. लग्नानंतर तुला रेंजवर कुणी नेलं? पिस्तूल कसं धरायचं, श्वास कुठे थांबवायचा, ट्रिगर किती हळू दाबायचा, हे कुणी शिकवलं? तू बक्षीस घेतलंस तेव्हा मी टाळ्या वाजवल्या, त्या सगळ्यांनी पाहिल्या. आत काय चाललं होतं ते विचारू नकोस. कॉफीनं लक्ष लागतं म्हणे. मी कप ओतायच्या आधी अर्धा तू प्यायली होतीस, म्हणजे तुझ्यामाझ्यातले बारा गुण त्या अर्ध्या कपाचे, असं मी धरून चाललोय. दुसरं कारण मला पटत नाही.

आता मुद्द्याचं. तेवीस तारखेला पनवेलला राज्य स्पर्धा आहे. एअर पिस्तूलच्या मिश्र जोडीत तुझं आणि माझं नाव गेलंय. पण तू घर सोडलंस हे संध्या मॅडमना कळलं, कोचला सगळं कळतंच. त्या म्हणाल्या, नाव बदलायला अजून वेळ आहे, दिपेश, रविवारी तू आणि रोहन साठ-साठ शॉट मारा, ज्याचे गुण जास्त तो नमिताबरोबर उभा राहील. मी म्हटलं, मॅडम, आमची जोडी लग्नाची आहे. त्या म्हणाल्या, टार्गेटला ते माहीत नाही.

नमिता, तुझ्या शेजारी मीच असायला हवा. तिथे तो पोरगा उभा राहिलेला मला बघवणार नाही. मॅडमकडे एक शब्द टाक.

दिपेश


जुईनगर
बुधवार, १२ नोव्हेंबर

नमिता,

मी दोन पानं लिहिली आणि तुझा निरोप काय, तर "ताई बोलली, कॉपी चांगली व्हती." कुंदननं तो तोंडावर हसू दाबत सांगितला. मॅडमकडे शब्द टाकला नाहीस हेही कळलं.

ठीक आहे. कॉफी चांगली होती ना, मग मीही पितो. रविवारी त्या पोराला त्याच्याच औषधानं हरवतो. सोमवारपासून चहा बंद केलाय. ऑफिसात दिवसाला सहा-सात कप होतात, एवढं कॅफीन रोज अंगात मुरवून हात कसा स्थिर राहणार, असा विचार केला. शरीर आधी साफ करायचं आणि रविवारी सकाळी एकदम कॉफी द्यायची. कालपासून मात्र डोकं ठणकतंय. स्टोअरमध्ये आलेला माल मोजताना दोनदा चुकलो. खालचा केमिस्ट म्हणाला, चहा असा एका दिवसात सोडला की डोकं धरणारच, हळूहळू कमी करा. त्याला काय जातंय सांगायला, त्याच्यासमोर रोहन नाही.

सकाळी ओट्स खातोय. त्याला चव नाही, वास नाही, काहीच नाही. आई ताटलीत बघून म्हणाली, "ह्ये काय, भिंतीला लावाचा का?" मग मी तिच्याशी बोलता बोलता म्हणालो, आता नमिताला मॅचच्या आधी कोण भरवणार. आई भांडी घासत होती, तिनं मान वर केली नाही. "तुला बायको नको व्हती. तुला बावली पायजे व्हती, भरवाला." आपलीच आई आपल्याच घरात बसून तुझी बाजू घेते. तुला ऐकून बरं वाटेल म्हणून लिहिलं.

काल संध्याकाळी मी मुद्दाम रेंजवर आलो होतो. मॅडमनी मला सकाळची वेळ दिली आहे आणि तुम्हा दोघांना संध्याकाळची, त्यामागे काय आहे ते मला समजतं. तू लेनवर होतीस, पाठ माझ्याकडे. रोहन मागे बाकावर बसला होता, शेजारी त्याचं दुकान मांडलेलं. केळी, खजूर, पाण्याची बाटली आणि तो थर्मास. पाणीसुद्धा तो एकेक घोट घेऊन पितो, म्हणे एकदम प्यायलं की मॅचमध्ये उठावं लागतं. मला म्हणाला, "काका, खजूर?" मी घेतला. चांगला होता, त्याचा आणखी राग आला.

मग तू मागे वळून त्याला काहीतरी बोललीस आणि हसलीस. मला पाहिलंस तेव्हा हसू गेलं. माझ्याबरोबर तू रेंजवर कधी हसली नाहीस, नमिता. मला वाटायचं, तुझं लक्ष खेळात असतं. त्याच्याशी बोलताना ते लक्ष कुठे जातं, हे मला रात्रभर कळलं नाही.

त्याच्यात असं काय आहे? शर्टही धड इस्त्रीचा नसतो.

दिपेश


जुईनगर
रविवार, १६ नोव्हेंबर

नमिता,

तुला कळलंच असेल. तरी माझ्या तोंडून ऐक, म्हणजे दुसऱ्यांनी मीठमसाला लावलेलं ऐकावं लागणार नाही.

रोहन पाचशे त्रेसष्ट. मी पाचशे एकतीस.

आठवडाभर चहाचा थेंब नाही. सकाळी पोटात जडपणा नको म्हणून ओट्ससुद्धा खाल्ले नाहीत, एक चॉकलेट खाल्लं आणि वर दोन मोठे मग काळी कॉफी. कडू जहर. रेंजवर पोचलो तेव्हा मी जग जिंकायला निघालो होतो. पहिले दहा शॉट तसेच गेले, पंच्याण्णव. मी तिरक्या नजरेनं रोहनच्या स्क्रीनकडे पाहिलं, तो त्र्याण्णववर होता. त्या क्षणी मला जो आनंद झाला तेवढा बहुतेक आपल्या लग्नातही झाला नव्हता.

आणि मग सगळं सुटलं. छाती अशी धडधडायला लागली की तिचे ठोके मला पिस्तुलाच्या टोकाशी दिसत होते. नेम धरायची पुढची साइट जाळ्यातल्या मासळीसारखी नाचत होती. थांबायचं, हात खाली घ्यायचा, श्वास घ्यायचा, हे मी तुला हजारदा सांगितलंय. माझ्याच्यानं थांबवेना, बोटाला घाई लागली होती. सात, आठ, सात. मध्येच लघवीला लागली. चालू मॅचमध्ये परवानगी मागून पळत गेलो, घड्याळ मात्र थांबलं नाही. परत आलो तर हातपाय गार आणि कपाळावर घाम. तोवर चॉकलेटचा जोर उतरला होता, शेवटचे दहा शॉट मी कुणाच्या हातानं मारले मला माहीत नाही.

रोहननं काय खाल्लं होतं ते मी विचारलं. दोन इडल्या, तीही तीन तास आधी. मग केळं. आणि रोज पितो तेवढीच छोटी कॉफी. त्यात काही जादू नाही, माझा त्यावरही विश्वास बसत नव्हता.

मॅडमनी मला बाहेर बोलावलं. मला वाटलं ओरडतील. त्या हळूच म्हणाल्या, "दिपेश, मॅचच्या दिवशी नवीन काही करायचं नाही. खाणं नाही, पिणं नाही, बूटसुद्धा नाही. पहिल्या दिवसापासून हे एकच सांगतेय मी." मी म्हटलं, मॅडम, कॉफी त्यालाही चालते. त्या म्हणाल्या, "त्याला सवय आहे. तुला सवय चहाची, तो तू सोडलास. कशासाठी सोडलास ते मला ठाऊक आहे."

रोहननं येऊन हात पुढे केला. "काका, बॅड लक." मी हात मिळवला. त्याचा कोरडा होता, माझा ओला.

तर आता तुझ्या शेजारी तो. नाव बदललं गेलं. मी घरी येऊन दोन कप चहा प्यायलो, डोकं उतरलं, पण बाकीचं काही उतरलं नाही. तुझ्या शेजारी त्याचा खांदा, तुझा शॉट लागला की त्याचं "शाबास ताई", तुझी पाण्याची बाटली त्याच्या हातात, हेच सगळं डोळ्यांसमोर येतंय. मला त्याचा हेवा वाटतो. तुझाही वाटतो, खरं सांगायचं तर. जिल्ह्याच्या वेळी तू मला हरवलंस तेव्हाच सुरू झाला होता आणि मी सगळा त्या कपावर काढला.

तू एकदा तरी विचार, दिपेश कसा आहे. कुंदनला विचारलंस तरी चालेल.

दिपेश


जुईनगर
शुक्रवार, २१ नोव्हेंबर

नमिता,

कुंदन म्हणाला, तू विचारलंस. "कसा हाय तो?" एवढं विचारलंस आणि लगेच सांगितलंस की रविवारी त्यानं पनवेलला येऊ नये. पहिलं वाक्य मी चार दिवस जपून ठेवलंय. दुसरं मला मान्य नाही. प्रेक्षकांना बसायला बंदी नाही.

काल रोहनचा फोन आला होता. नंबर मॅडमनी दिला असेल. अगदी नम्रपणे, "काका, एक विचारायचं होतं. ताई मॅचच्या दिवशी काय खातात? सकाळी आठला रिपोर्टिंग आहे, मी काहीतरी घेऊन येईन म्हणतो."

मला क्षणभर खूप बरं वाटलं. पाचशे त्रेसष्ट मारणाऱ्यालाही मलाच विचारावं लागलं. मी त्याला म्हटलं, "ती काही खात नाही. तू काही आणू नकोस, विचारूही नकोस. तिच्या पोटात मॅचच्या दिवशी पाणी ठरत नाही." तो म्हणाला, बरं काका. थँक्यू पण म्हणाला.

दहीभाताचं त्याला सांगितलं नाही. सांगणारही नाही. भात किती मऊ, दही किती, ते आदल्या रात्रीचं नको सकाळीच घुसळून घ्यायचं, आंबट असेल तर थोडं दूध, हे सगळं मी तुझ्याकडे बघून बघून शिकलोय. किती खाल्लंस, किती टाकलंस, कुठल्या घासाला तोंड वाकडं केलंस, मला सगळं पाठ आहे. त्याच्याकडे गुण आहेत, वय आहे, हात कोरडा आहे, माझी जागाही आता त्याच्याकडे गेली. ही एकच गोष्ट माझी आहे. ती मी त्याला फोनवर देऊन टाकू?

म्हणून रविवारी मी येतोय. लेनवर नाही, वादाला नाही. फक्त डबा घेऊन. साडेसातला कँटीनपाशी असेन. तुला रागानं बोलायचं असेल तर मॅच झाल्यावर बोल, आधी चार घास खा. जोडीत तुझ्या वाट्याचे तीस शॉट उपाशी पोटी निघायचे नाहीत, मध्यावर साखर उतरते आणि हात कापायला लागतो, मी गेल्या रविवारी भोगलंय ते. माझ्यावरचा राग पोटावर काढू नकोस.

तू खाशील. माझ्या हातचंच खाशील, दुसरं तुला जातच नाही. तेव्हा तोही बघेल.

दिपेश


जुईनगर
सोमवार, २४ नोव्हेंबर

नमिता,

तिसरा क्रमांक. अभिनंदन. तू आणि रोहन, दोघांचंही. त्याचं नाव लिहिताना पेन अडलं, पण लिहिलं.

मी आलो होतो. तू मला पाहिलं नाहीस.

सात-सव्वासातलाच पोचलो. डबा टॉवेलात गुंडाळला होता, भात कोमट राहावा म्हणून. कँटीनच्या दाराशी आलो आणि तू दिसलीस. भिंतीकडच्या टेबलावर, समोर रोहन. मी खांबाआड थांबलो. म्हटलं, आधी बघावं, ती उपाशी कशी बसलीय ते त्याला कळू दे, मग पुढे होऊ.

तुझ्यासमोर पोह्यांची बशी होती. तू लिंबू पिळलंस, दोन बोटांनी नीट, बी बाजूला काढलीस. आणि खायला लागलीस. एकेक चमचा, सावकाश, जसं माणूस खातं तसं. मी वाट बघत होतो. आता थांबेल, आता तोंडावर हात ठेवेल, आता बेसिनकडे जाईल. तू बशी संपवलीस. मग उठून काउंटरवर गेलीस आणि त्या बाईंना म्हणालीस, "अजून थोडे द्या ना, खोबरं घाला वर." तेही संपवलंस. मग केळं. मग चहा, पूर्ण कप.

रोहननं काही आणलं नव्हतं. मी सांगितलं तसं विचारलंही नसेल. तो आपली इडली खात होता आणि मोबाइलमध्ये बघत होता. तू काय खातेस, किती खातेस, तुझा कितवा चमचा चाललाय, त्यानं एकदाही मान वर करून पाहिलं नाही. मध्ये तू काहीतरी बोललीस, त्यानं हं म्हटलं. तू जेवत राहिलीस.

मला त्या वेळी कुणाचा हेवा वाटला, सांगू? रोहनचा नाही. त्या मोबाइलचा. तो त्यात बघत होता म्हणून तुला घास जात होता.

मी आधी स्वतःला बरंच काही सांगून पाहिलं. म्हटलं, माहेरी राहून तब्येत सुधारली असेल. म्हटलं, मॅडम म्हणतात नवीन काही करायचं नाही आणि हिनं तर सगळंच नवीन केलंय, आता बघ कशी कोसळते. मी मागच्या रांगेत जाऊन बसलो आणि तू कोसळायची वाट बघितली. हे वाचून तुला चीड येईल, पण बसलो होतो तो त्यासाठीच. तू कोसळली नाहीस. शेवटच्या पाच शॉटला तुझा हात खांबासारखा होता. दोनदा तू मध्येच हात खाली घेतलास, श्वास घेतलास, परत उचललास. ते मी शिकवलेलं होतं, आणि मी ते माझ्या वेळी करू शकलो नव्हतो. तिथे मला रडू आलं. आनंदानं म्हण किंवा जळून म्हण, मला वेगळं करता आलं नाही.

परत येताना डबा मांडीवर होता. सहा वर्षं मी सगळ्या क्लबला सांगत आलो की नमिताला मॅचच्या दिवशी अन्न जात नाही, तिची नर्व्ह कच्ची आहे, मी नसतो तर ती उपाशी उभी राहिली असती. तू ऐकत असायचीस. कधी नाही म्हणाली नाहीस. नाही म्हणायचं तर माझ्यासमोरच म्हणावं लागलं असतं, आणि मी तर चमचा घेऊन बसलेलो.

घरी आल्यावर आईनं विचारलं, "पोर जेवली का?" मी म्हटलं, जेवली. तिनं डब्याचं झाकण उघडून आत पाहिलं आणि परत लावलं. ती बोलली असती तर बरं झालं असतं.

आज सकाळी मॅडमना फोन केला. पुढच्या स्पर्धांनाही नमिताबरोबर रोहनलाच ठेवा म्हणून सांगितलं. हे मी मोठ्या मनानं सांगितलं असं समजू नकोस, तोंड वाकडं करून सांगितलं. आणि फोन ठेवल्यावर परत करून सांगावं, चूक झाली, असं दिवसभर वाटत राहिलं. तो तुझ्या शेजारी उभा राहणार, ह्या विचारानं अजूनही पोटात आग पडते. ती विझेल असं वचन मी देत नाही. तू घरी ये असंही ह्या पत्रात लिहीत नाही. लिहायचं होतं, पहिल्या पत्रापासून तेच लिहायचं होतं.

मला एकच विचारायचं आहे. हे मॅचच्या दिवसाचं नाही. घरी रोज रात्री तू माझ्यासमोर बसून ताट पुसून जेवायचीस आणि मी म्हणायचो, बघा, माझ्या बायकोला माझ्या घरचं कसं मानवलंय. ते भूक होती म्हणून, की मी बघत होतो म्हणून?

कुंदनकडे लिहून दे, किंवा नुसतं तोंडी सांग. ह्या वेळी मी समोर बसलेलो नाही, तेव्हा तुला खरं सांगता येईल.

दिपेश